बायकोचं नाव

अर्धांगाचा हलका झटका येऊन सात आठवडे झाले होते. हौसेरावांचा हात चालत होता, पाय काठी टेकत का होईना चालत होता, जीभ तर पूर्वीपेक्षा जास्तच चालत होती. तरी डॉक्टर कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामावर जायचा दाखला देईनात. आधी म्हणे खांदेश्वरच्या हॉलमध्ये शनिवारच्या वर्गाला बसा. तिथे झटक्यातून उठलेल्यांना शिकवतात, धीर देतात, आणि तिथल्या ताईंनी तक्ता पुरा करून दिला की दाखला. चोपन्नाव्या वर्षी शाळा! तिकडे हौसेरावांच्या टोळीची मुकादमी रणजीत नावाचा काल आलेला गडी सांभाळत होता, आणि सोमवारी हौसेराव हजर झाले नाहीत तर ती त्याचीच होणार होती.

वर्गात अकरा रुग्ण, सगळे सपत्नीक. उज्ज्वलाताई जेमतेम पंचविशीच्या आणि भलत्याच हसऱ्या. बालवाडीतल्या पोराशी बोलावं तशा त्या हौसेरावांशी बोलल्या. आज वार कोणता, शंभरातून सात किती वेळा जातात, सगळं विचारून झालं. लोखंडाचे नग मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाने ते फाडफाड सांगितलं.

"आता काकूंचं नाव सांगा बरं."

हौसेरावांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात चारचौघांत बायकोचं नाव घेणाऱ्याची पारावर टिंगल होई. लग्नात घास भरवताना एकदा घेतलं, तेवढंच. पुढची बत्तीस वर्षं 'अगं'वर निभावली होती.

शेजारचे फजलभाई पनवेलचे. त्यांनी मघाशीच बेधडक 'हलिमा' सांगून टाकलं होतं. "सांगा ना भाऊ," ते हळूच म्हणाले, "त्यात काय हाय?"

ताईंनी तक्त्यावर फुली मारली. "घाबरायचं नाही, काका. 'बा'पासून सुरू होतं."

हौसेराव संतापाने लाल झाले. लाल झाले म्हणून रक्तदाब मोजला, तो वाढलेला निघाला. वाढलेला निघाला म्हणून ताईंनी धीर द्यायला त्यांचा हात हातात घेतला. परक्या बाईने हात धरल्यावर तो आणखी वाढला. मग ताई त्यांच्या बायकोकडे, बाळाबाईंकडे वळल्या आणि निदान तुम्ही तरी यांचं नाव सांगा म्हणाल्या. बाळाबाईंनी पदर सावरला आणि नाव कागदावर आहे की, असं पुटपुटल्या. ताईंनी लिहिलं, पत्नीही खचली आहे, आधाराची गरज.

मग आधार सुरू झाला. ताईंनी सगळ्या वर्गाला टाळ्या वाजवत नाव म्हणायला लावलं. बा, ळा, बा, ई. दहा परके बाप्ये हौसेरावांच्या बायकोचं नाव घेत होते, आणि फजलभाई तर अगदी मनापासून.

हौसेराव काठीशिवाय उभे राहिले.

"बास करा. बाळाबाई. बाळाबाई हाय तिचं नाव. बायकूचं नाव इसरायला मी काय मेलोय व्हय?"

हॉलभर टाळ्या पडल्या. फुली खोडली गेली. पण तक्त्यात एक रकाना पत्नीचाही होता, आणि तो भरल्याशिवाय ताई सही करणार नव्हत्या. सगळे बाळाबाईंकडे बघू लागले. हौसेरावांनी मनातल्या मनात मुकादमीवर पाणी सोडलं. ही बाई जीव देईल, पण नवऱ्याचं नाव घ्यायची नाही.

बाळाबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या, "ह्यांनी पुन्यांदा घ्यावं. रागानं न्हाई. मग मी घेते."

हौसेरावांनी रागाने सगळ्या हॉलवर नजर फिरवली. कुणीही दुसरीकडे बघेना.

"बाळाबाई," ते म्हणाले, आणि आवाज कधी नव्हे तो मऊ आला.

"हौसेराव," बाळाबाई म्हणाल्या. उखाणा नाही, लाजणं नाही, हजेरी घ्यावी तसं खणखणीत.

सही झालेला तक्ता खिशात घालून जिना उतरताना हौसेरावांचा संताप पुन्हा उसळला. "येवढं सोपं हुतं, तर मगाशीच का न्हाई घेतलंस? पार अब्रू गेली माजी."

"मगाशी तुमी कुटं घेतलं हुतं?" बाळाबाई म्हणाल्या, आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या पुढे चालू लागल्या.