तात्यांचं पुरलेलं बनियन

आमच्या कोऱ्हाळ्यात लोक जमिनीत उसाचं बेणं पुरतात. शेजारचे यशवंततात्या बनियन पुरतात.

पांढरं, सुती, धुतलेलं. तात्या फॉरेस्टात गार्ड होते. रिटायर झाल्यावर ऊस लावायचा सोडून या गृहस्थानं अर्ध्या एकरात करंज, शिरीष, कडुनिंब लावून जंगल केलं. त्यात बनियन पुरायचं आणि दोन महिन्यांनी उकरायचं. चाळण झालेलं निघालं की तात्या खूश. "बघ, कशी पंगत उठलीया! चिमूटभर मातीत आख्ख्या गावापेक्षा जास्त जीव हायती. दिसत न्हाईत, पर जेवत्यात." आल्यागेल्याला चहाआधी ते बनियन दाखवायचे. सोयरिकीला निघालेली मंडळी तर एकदा ते बघून चहा न घेताच उठली.

गेल्या उन्हाळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तात्या बारामतीला लेकीकडं राहिले. रानावर लक्ष ठेवायला मी. मी पडलो ऊसवाला. तात्यांना बरं वाटावं म्हणून झाडांखालचा सगळा पाचोळा ओढला आणि उसाचं पाचट पेटवतो तसा बांधावर पेटवून दिला. वर शाबासकीची वाट बघत बसलो!

तात्या आले, काळा चष्मा लावून रानात गेले आणि उघड्या मातीवर हात फिरवू लागले. "आरं, त्यांच्या म्होरलं ताट उचललंस की रं!"

त्यांनी नवं बनियन पुरलं. दोन महिन्यांनी निघालं ते धुऊन अंगात घालण्यासारखं. तात्या माझ्याशी बोलेनासे झाले.

मला फार लागलं ते. मग शाळेच्या आवारातून, देवळामागून पोत्यांनी पाचोळा आणून रानात पसरू लागलो. बायको म्हणायची, "लोकं कचरा टाकाय जात्यात, तुमी गोळा कराय." तात्या त्या पाचोळ्यावर गुमान पाणी शिंपडायचे.

दिवाळीनंतर एका सकाळी त्यांनीच हाक मारली. मधे त्यांनी पुन्हा पुरलेलं बनियन उकरलं, तर नुसती शिवण उरली होती. ओल्या पाचोळ्याखाली बुरशीचे पांढरे धागे पसरले होते. तात्या हसतील असं वाटलं, पण त्यांचे डोळे भरले.

"तुझी काकी व्हती तवर रोज कुणी ना कुणी जेवाय असायचं. ती गेली आन् घरात एकच ताट ऱ्हायलं. म्हनून उकरून बघतो रं, आपल्या हितं कुणी जेवतंय का."

मग माती झटकत म्हणाले, "आज जेवूनच जा."

भाकरी करपली होती, पिठल्यात मीठ नव्हतं. मी दोनदा मागून घेतलं.