चमचा किती फुटांवर पडला

फसवलं शाळेने. फसली माझी पुतणी मेघना, वय अकरा. साक्षीदार मी. बन्नीमंटपजवळ जुन्या स्कूटरी घेऊन विकत मी वर आलो आहे. कोण कोणाला टोपी घालतंय ते मला लांबून कळतं.

मेघना कुणाचं ऐकून काही मानत नाही. "मोजलंस?" हा तिचा पहिला प्रश्न. डोशाचं पीठ किती फुगलं, ते ती डब्याला दोरा बांधून बघते. एकदा वरुणा गावचा दूधवाला स्कूटर बघायला आला. मी म्हटलं, "ही गाडी लिटरला पन्नास किलोमीटर देते."

"अडतीस, काका. परवा तुझ्या मागे बसून मीच मोजलं."

दूधवाला हसला आणि स्कूटर घेऊन गेला. भाव अर्थातच अडतीसचा.

मग चमच्याचं खूळ आलं. दुकानात मी पाठमोरा बसलो की मागे फरशीवर स्टीलचा चमचा पडायचा.

"हातात काही राहत नाही का तुझ्या?"

"सुम्ने, उगाच ओरडू नको, काका. हलू नको, तसाच बस."

मग टेप धरून माझ्या खुर्चीपासून चमच्यापर्यंत मोजायचं आणि वहीत लिहायचं. रोज, शाळेतून आल्यावर.

आयुधपूजेला आम्ही पाने, हातोड्या, पंप, सगळ्याला हळदकुंकू लावतो. दुसऱ्या दिवसापर्यंत हत्यार कुणी उचलत नाही. हिने चमचा, टेप आणि वही तिथेच मांडली. वहीवर कुंकू लागलं आणि त्या दिवसाचा रकाना रिकामा राहिला.

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाआधी मी म्हटलं, "भर की एक आकडा. कोण बघतंय?"

"न मोजलेला?"

"अंदाजे."

"काका, हे तुझं गिऱ्हाईक नव्हे."

रिकाम्या रकान्यात तिने लिहिलं: आयुधपूजा, चमच्याला सुट्टी.

प्रदर्शनात परीक्षक बाईंनी वही दोन बोटांनी उचलली. "ही पूजेची वही इथे कशाला? मॉडेल कुठे आहे तुझं?"

"हे काय, उभं आहे," म्हणत तिने माझ्याकडे बोट केलं.

तेव्हा मी भिंतीवरचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. काकाला चमचा किती फुटांवरून ऐकू येतो. जूनमध्ये बावीस. नोव्हेंबरमध्ये तेरा. मी आपला समजत होतो, हल्ली गिऱ्हाइकं पुटपुटतात. खाली लिहिलं होतं: डावा कान कमी. जेवताना उजवीकडे बसावे. गणपतीपासून तिने बापाशी भांडून माझ्या उजवीकडची जागा घेतली होती. मला वाटलं, पंख्यासाठी.

"एक दिवस रिकामा आहे. नोंदी अपुऱ्या," बाई म्हणाल्या. बक्षीस थर्माकोलच्या ज्वालामुखीला मिळालं. त्याच्या बुडाला दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली होती, मी वाकून बघितली. आमची वही मात्र तपासायला म्हणून ठेवून घेतली.

मी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासलं आणि म्हणाले, "कधीपासून, किती वेगाने उतरतंय, त्याची काही नोंद आहे?" आहे. शाळेत आहे. तीनदा गेलो. पहिल्यांदा "शोधतो", दुसऱ्यांदा "बाई रजेवर आहेत", तिसऱ्यांदा शिपाई म्हणाला, "रद्दीत गेली असेल, सर."

"पुन्हा सुरू करू," मी मेघनाला म्हटलं. "मी बसतो पाठमोरा. तू पाड चमचा."

ती टेप गुंडाळत राहिली. "जूनचे आकडे परत कसे आणायचे, काका? जूनमधला कान आता कुठाय?"

त्या दिवसापासून तिने काही मोजलेलं नाही. परवा मी मुद्दाम म्हटलं, ही गाडी लिटरला साठ देते. ती दप्तर उचलून घरी गेली. गिऱ्हाइकाला मीच खरा आकडा सांगितला.

बक्षीस त्या ज्वालामुखीलाच राहू द्या, मला त्यात घासाघीस करायची नाही. अकरा वर्षांच्या पोरीने सहा महिने खरं लिहिलं, ते कुणी फेकलं? मुख्याध्यापकांनी ते नाव सांगावं. मला नको, तिला, तिच्यासमोर उभं राहून.