संपूर्ण उंदीर तेजस्वी

संशोधन संस्थेत एखादी वस्तू चमकली, तर ती प्रथम संचालकांना दिसावी, असा संकेत आहे. रसायन विभागाच्या प्रमुख बाईंकडून या संकेताचा भंग झाला. चमक त्यांना आधी दिसली.

बाई कार्बनचे अतिसूक्ष्म कण बनवीत. सायट्रिक आम्ल आणि युरिया पाण्यात विरघळवून, घट्ट झाकणाच्या पोलादी भांड्यात भट्टीत तापवायचे. करपलेल्या पाकासारखे जे पाणी उतरते, ते अतिनील दिव्याखाली निळे झळाळते. हे कण गाठीच्या पेशींत जाऊन बसावेत आणि शस्त्रक्रियेत गाठीची सीमा उजळावी, एवढाच हेतू होता. तो सुचवला बाईंच्या धाकट्या दिरांनी. ते सर्जन होते.

"वहिनी, गाठ कुठे संपते तेवढं दाखव," ते म्हणाले होते. "आज मी अंदाजाने कापतो. कमी कापलं तर गाठ परत येते, जास्त कापलं तर माणूस."

परत येणे आणि जाणे यांतील फरक त्यांच्या घाईत राहून गेला. बाईंना तो कळला.

म्हणून बाईंनी ते पाणी बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरले आणि स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवले. मळ बाहेर गेला, कण आत राहिले. घोटाळा तिथेच झाला. पिशवीतले अस्सल कण मंद उजळत होते आणि बाहेरचे धुवण लग्नघरासारखे झगमगत होते.

एवढ्यात संचालक आले. हे टाकून देणार का, असे त्यांनी विचारले. तो मळ आहे, तो शरीरात कुठेही शिरतो, असे बाईंनी सांगितले.

"बाई, एवढा उजेड पाडणाऱ्याला मळ म्हणू नये," संचालक म्हणाले. "आपल्याकडे आजवर कुणी पाडलाय?"

तेजमापन समिती नेमली गेली. चमक मोजता येते, उपयोग मोजता येत नाही; सबब चमक हाच उपयोग, असे समितीने ठरवले. धुतल्याने नमुन्याची हानी होते हे ओघानेच सिद्ध झाले आणि प्रयोगशाळेत धुण्यास मनाई झाली. फरशीला तेवढी सवलत मिळाली.

धुवण उंदरांना टोचण्यात आले. गाठ असलेला उंदीर मिशांपासून शेपटीपर्यंत उजळला. गाठ नसलेलाही उजळला. त्यांनी पिंजऱ्यात जे केले, तेही उजळले. अहवालात त्याची नोंद 'परिणामाचा विस्तार' अशी झाली.

"यात गाठ कुठे आहे?" दिरांनी विचारले.

"डॉक्टर, एवढ्या तेजात तुम्हाला गाठच दिसायला हवी? दृष्टी जरा व्यापक ठेवा," संचालक म्हणाले.

बाई अडून बसल्या. तेव्हा रुग्णालयात काय पाठवायचे हे जनतेने ठरवावे, असा लोकशाही तोडगा निघाला. अंधाऱ्या दालनात दोन पिंजरे मांडले. एकात सगळा उंदीर झळकत होता. दुसऱ्यातल्या उंदराला बाईंचे पिशवीतले कण टोचले होते; तिथे काळोख होता आणि काळोखात रेखीव कडेचा एक लहानसा ठिपका: नेमकी गाठ. पहिल्या पिंजऱ्याभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. दुसऱ्यापाशी एक गृहस्थ थबकले, बिघडलाय वाटतं, म्हणाले आणि पुढे सरकले. मतदान एकमताने झाले. धुवण रुग्णालयाकडे रवाना झाले.

मत देऊन झाल्यावर त्याच गृहस्थांनी चौकशी केली. "पण हे असतं कशासाठी?"

"ऑपरेशनसाठी," दीर म्हणाले.

"कुणाच्या?"

"इथल्या ज्याला गाठ होईल त्याच्या."

मग मागून कुणीतरी समाधानाने म्हणाले, "फोटो मात्र झकास आलाय."

तो आवाज कोणाचा, हे अंधारात कळले नाही. वाचकांनी कृपया आपापला फोन तपासावा.