ठकूच्या कपाळावरची आठी

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांचे चेहरे अचानक बिघडले. म्हणजे चेहरे होते तसेच होते. पण वडाखाली साळिंदराने क्लिनिक उघडलं आणि मग ते बिघडल्याचं सगळ्यांच्या लक्षात आलं. खिदळू नका, पुढे ऐका.

साळिंदराचं नाव डॉक्टर काटेराव. सुयांचा खर्चच नाही, पाठीवरच उगवायच्या. बाभळीचा डिंक घोटून तो कातडीखाली भरायचा. त्याला फिलर म्हणायचं बरं का. डिंक म्हटलं की कुणी फिरकत नाही. उद्घाटनाला बिबट्याला बोलावलं होतं. त्याने फीत दातांनीच तोडली आणि म्हणाला, "समाजाला अशा सेवेची फार गरज होती." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जरा लांबूनच.

त्याच जंगलात वानरांची एक टोळी राहायची. तिची पहारेकरीण होती ठकू. टोळी खाली बोरं वेचायची आणि ठकू झाडाच्या शेंड्यावर बसायची. या टोळीची रीत अशी, की पहारेकऱ्याने ओरडायचं नाही. ओरडलं की टोळी कुठे बसलीय ते बिबट्यालाही कळतं. म्हणून पहारेकऱ्याने नुसता चेहरा करायचा आणि खालच्यांनी खाता खाता वर बघत राहायचं. एक गाल फुगवला, की साप. ओठ पुढे काढले, की माणसं आली, खाऊ लपवा. कपाळाला आठ्या घातल्या, की बिबट्या. मग हातातलं टाकून झाडावर पळायचं.

आठ्या घालून घालून ठकूच्या कपाळावर दोन रेघा कायमच्या उमटल्या होत्या. तिची धाकटी लेक बकुळी रोज विचारायची, "आई, तू माझ्यावर रागावलीस?"

"नाही गं बाळा."

"मग अशी काय बघतेस?"

ठकूला ते फार लागायचं. सगळ्या टोळीचा जीव वाचवायचा आणि आपल्याच पोरीने आपल्याला घाबरायचं! तिने जावेला, शेवंताला, हे सांगितलं.

शेवंता म्हणाली, "अगं, काटेरावांकडे जाऊन ये. माझे गाल बघ. मी काही केलेलं नाही हं, मी नुसतं पाणी जास्त पिते."

ठकू गेली. काटेरावाने तिचा चेहरा उजेडात धरला आणि च्च च्च केलं.

"बाई, लोक येतात आणि नुसतं 'भरा' म्हणतात. पद्धत समजून घेत नाहीत. नीट ऐका. पहिली रेघ पद्धत. काटा सुरकुतीच्या खालून लांब सरकवायचा आणि मागे ओढता ओढता डिंक सोडायचा. दुसरी थेंब पद्धत. जवळजवळ टोचत जायचं, दर टोच्याला एक थेंब. तिसरी पंखा. एकाच भोकातून काटा इकडे तिकडे वळवायचा आणि डिंक पसरवायचा. चौथी जाळी. उभ्या रेघा मारायच्या, वर आडव्या मारायच्या. तुम्हाला कपाळाला रेघ, ओठांना थेंब आणि गालांना पंखा."

"ओठ कशाला? गाल कशाला?"

"एकटं कपाळ बरं दिसत नाही."

"आणि शिरेत गेलं तर?"

"बोथट काटाही आहे आपल्याकडे. तो शीर फोडत नाही, बाजूला सारतो. एकदम प्रगत."

मग ठकूने खरा प्रश्न विचारला. "पण डॉक्टर, मला आठ्या घालता येतील ना? माझं कामच ते आहे."

काटेराव खो खो हसला. "बाई, आठ्या घालवायला आलात ना? मग?"

ठकूला बकुळी आठवली. तिने डोळे मिटले आणि तोंड पुढे केलं.

घरी आली तेव्हा कपाळ गुळगुळीत, गाल पुरीसारखे टम्म, ओठ हे एवढे पुढे. बकुळीने तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि एकदम गळ्यात पडली. "आई, तू हसतेस!" ठकू आनंदाने रडली. कुणी काही म्हणा, त्या दोघींचा तो दिवस फार चांगला गेला.

दुसऱ्या दिवशी पहारा सुरू झाला. खालच्यांनी वर पाहिलं. ओठ पुढे! "माणसं आली, माणसं आली," म्हणत सगळ्यांनी बोरं लपवली. माणूस एकही नव्हता. थोड्या वेळाने परत पाहिलं, परत ओठ पुढे. परत लपवालपवी. शेवटी टोळीचा म्हातारा नायक भुजंगा वैतागला. "अरे, तिचे ओठ आता तसेच आहेत. वर बघू नका रे, फुकट मान दुखते."

मग कुणी वर बघेनासं झालं. एकटी बकुळी तेवढी बघायची, कारण आई छान दिसायची.

आणि मग एका दुपारी करवंदीच्या झुडपातून बिबट्या निघाला. ठकूने आठी घातली. आतून घातली, बाहेर काही उमटलं नाही. तिने सगळा जीव कपाळात आणला. कपाळ हललं नाही, टम्म गाल तेवढे वर चढले. बकुळी खालून बघत होती. आईला एवढं हसताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने हात हलवला.

ठकूने रीत मोडली आणि ओरडली. त्या ओठांतून नुसतं "ऊंऽऽ, ऊंऽऽ" निघालं.

"आज गाणं म्हणतेय वाटतं," शेवंता बोर चोखत म्हणाली.

पुढचं मी सांगत नाही, तुम्ही लहान आहात. संध्याकाळी सगळी टोळी झाडावर परतली. बकुळी परतली नाही.

ठकू फांदीवर बसली होती. तिचं काळीज फाटत होतं आणि चेहरा प्रसन्न होता. भेटायला आलेल्या बायका आपसात म्हणाल्या, "किती धीराची बाई! एवढं झालं, पण चेहऱ्यावर काही दिसतंय का बघा."

मग शेवंता हळूच जवळ सरकली. "ठकू, आत्ता विचारू नये, पण कपाळाला रेघ केलीस की जाळी?"

"रेघ केली असणार," भुजंगा म्हणाला. "तिथेच चुकलं. जाळी करायला हवी होती."

"जाळी कपाळाला नसते करत, मामंजी. पंखा हवा होता."

अंधार पडेपर्यंत वाद चालला. ठकू खालच्या बोरीकडे बघत होती आणि पुन्हा पुन्हा आठी घालायला बघत होती.

सकाळी क्लिनिकसमोर ही रांग! टोळीतल्या बायका सगळ्यांत पुढे. बिबट्याने डॉक्टरांसाठी हार पाठवला होता.

तात्पर्य: मुलांनो, टोचून घेण्याआधी पद्धत नीट समजून घ्यावी, रेघ, थेंब, पंखा की जाळी. चेहरा कशासाठी असतो हे समजून घ्यायला अख्खं आयुष्य पडलं आहे. बकुळीचं सोडून.