राकसदाढ आणि कमरेची पिशवी

“राकसदाढ? अहो, डाव्या हातचा मळ आहे माझ्या!”

हृषीकेश कस्तुरे हे वाक्य सोलापुरात सात रस्ता चौकातल्या आपल्या कचेरीत दिवसातून चारदा म्हणायचा. सहकाऱ्यांना ते पाठ झालं होतं. आता राकसदाढ म्हणजे काही दाताचं दुखणं नव्हे. सह्याद्रीतला तीनशे फुटी, सरळसोट सुळका आहे तो. पुण्याच्या दोन पट्टीच्या गड्यांना तिथून झोळीत घालून उतरवावं लागलं होतं. आणि आपला हृषीकेश पडला सोलापूरचा, जिथं चढ म्हणून दाखवायला रेल्वेचा पूल तेवढा! तरी पठ्ठ्यानं कचेरीच्या मागच्या भिंतीवर वर्षभर सराव केला. वॉचमननं चोर समजून दोनदा पाय धरून खाली ओढलं, पण त्यानं जिद्द सोडली नाही.

भानगड अशी होती, की त्यांच्या गिर्यारोहण क्लबला हिमालयातल्या मोहिमेची एकच जागा मिळाली होती. क्लबचे प्रमुख मडिवाळप्पा सर म्हणजे निवृत्त पीटी मास्तर. त्यांनी न्याय सरळ ठेवला. राकसदाढेच्या माथ्यावर घंटा बांधायची, तीन वाटांवर तीन दोर सोडायचे आणि पहिली घंटा वाजवेल तो हिमालयात!

हृषीकेशनं स्पर्धेच्या आधीच वीस दिवसांची रजा मंजूर करून घेतली. कचेरीनंही निरोप समारंभ उरकून थर्मास दिला. म्हणजे आता हरायची सोयच उरली नव्हती.

स्पर्धक तिघं. खरी धास्ती सिद्धूची. चादरींच्या दुकानातला सिद्धू अंगानं दणकट, शाळेपासूनचा दोस्त आणि शाळेपासूनचाच वैरी. तिसरी उत्कर्षा. ती गणिताच्या शिकवण्या घ्यायची आणि फारशी बोलायची नाही, म्हणून हृषीकेशनं तिला हिशेबात धरलंच नव्हतं.

निघायच्या दिवशी त्याची आई गोदावरीबाई दह्याची वाटी घेऊन दारात उभी. उंबऱ्याशी रांगोळी अशी पांढरीशुभ्र उमटली होती, की घाईतला हृषीकेशसुद्धा थबकला.

“आई, काय झकास आलीय गं!”

“पूडच चांगली मिळाली की! बरं, ऐक. तुझी ती कमरेची पिशवी घामानं नुसती कुबट झाली होती. धुऊन, भरून ठेवलीय. चढताना हात घाल, उपयोगी पडेल.”

हृषीकेशला भरून आलं! कडा चढणारे लोक कमरेला पांढऱ्या पुडीची एक पिशवी बांधतात. हाताला घाम आला की पूड चोळायची, म्हणजे पकड सुटत नाही. आईला एवढं बारीकसारीक कळतं! त्यानं पिशवी न उघडताच सॅकमध्ये टाकली आणि वाटेत टेंभुर्णीला गाडी चहाला थांबेपर्यंत सिद्धूला मातृप्रेमावर व्याख्यान दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरांनी शिट्टी फुंकली. क्लबची जुनी मंडळी खाली दोर धरून उभी होती. पहिले अडीचशे फूट हृषीकेश पालीसारखा सरसर चढला.

“काय सिद्ध्या, भाकरी जड झाली काय?”

“गप वर बघ की! लई बोलतो!” शेजारच्या वाटेवरून सिद्धू धापा टाकत म्हणाला.

मग आला बाहेर झुकलेला कातळ. इथंच पुणेकर आडवे झाले होते. हृषीकेशच्या तळव्यांना घाम फुटला. त्यानं मोठ्या ऐटीत उजवा हात पाठीमागं नेऊन कमरेला बांधलेल्या पिशवीत घातला.

पूड लागली खरी, पण ओलसर, तेलकट लागली. हात बाहेर काढला तर मनगटापर्यंत लालभडक! आणि वास? शेंगाचटणीचा! उखळात कुटलेली, तेल सुटलेली, घरची शेंगाचटणी!

रांगोळी एवढी झकास का आली होती, ते आता त्याच्या डोक्यात शिरलं. आईनं त्याची पांढरी पूड दारात घातली होती. मग पिशवी रिकामी कशाला जाऊ द्यायची? पोराला चढताना भूक लागली तर!

“आई गं!” तो ओरडला. तेवढ्यात घाम डोळ्यांत उतरला. त्यानं तो पुसला. कुठल्या हातानं, ते सांगायला नकोच!

“मेलो! डोळे गेले!”

तेलकट हात सुटला, हृषीकेश दोराला लोंबकळला, दोन झोके खाऊन एका कपारीवर जाऊन आदळला. तिथं एक म्हातारा हुप्प्या आधीच बसला होता. त्यानं हवेत नाक फिरवलं आणि पिशवीला हात घातला.

खाली सरांनी दुर्बीण लावली.

“रक्त! अरे, हात रक्तानं माखलाय! माकडानं फाडलं पोराला! झोळी आणा, झोळी!”

खाली एकच पळापळ सुरू झाली. वर सिद्धूनंही ‘रक्त’ ऐकलं. घंटा त्याच्यापासून चाळीस फुटांवर होती. त्यानं एकदा घंटेकडं बघितलं, एकदा दोस्ताकडं बघितलं आणि हिमालयाला पाठ फिरवून तो आडवा सरकू लागला.

“हलू नको रे हृष्या! आलो, आलो!”

हृषीकेशला आपल्या सगळ्या फुशारक्या आठवल्या आणि फार लाज वाटली. डोळ्यांत पाणी होतंच, आता त्याला कारणही मिळालं.

डाव्या बाजूनं उत्कर्षाचं डोकं वर आलं.

“जिवंत आहेस ना?”

“आहे... बहुतेक.”

“बरं. मग मी जाते.”

सिद्धूनं माकडाला हुसकलं, हृषीकेशच्या डोळ्यांवर पाणी ओतलं आणि त्याचा हात धरला. “कुटं लागलंय? दाखव.” मग तो थांबला, हात हुंगला, करंगळीचं टोक जिभेला लावलं.

“यप्पा! ही तर चटणी हाय की! गोदाकाकूंची?”

“हो.”

“आणि तू मला आत्ता सांगतो व्हय?”

सिद्धूच्या सॅकमध्ये त्याच्या आईनं, नीलम्मानं, दिलेली कडक भाकरी होती. चटणी मात्र ती घाईत विसरली होती.

“एकच घास,” सिद्धू म्हणाला. “हिमालय कुटं पळून जातोय?”

पहिला तुकडा माकडाला द्यावा लागला. दुसरा दोघांनी वाटून खाल्ला. तिसरा मोडताना वरून आवाज आला. टण! टण! टण!

दोघं खाली उतरले तेव्हा सर हातात बँडेज घेऊन उभे होते. काय घडलं ते ऐकून ते लालेलाल झाले. पण ओरडायच्या आधी त्यांनी पिशवीतली चिमूटभर चटणी तोंडात टाकली, मग दुसरी, मग तिसरी.

“तम्मा, बाळा,” शेवटी ते हळूच म्हणाले, “हिमालयात जेवण लई बेचव असतंय. आईंना सांग, मोहिमेला पाच किलो लागंल.”

अशा रीतीनं कस्तुऱ्यांच्या घरातून हिमालयासाठी निवड झाली, पण चटणीची!

वीस दिवसांची रजा मंजूर झालेलीच होती. ती रद्द करायला कुठल्या तोंडानं जाणार? सध्या हृषीकेश सकाळ-संध्याकाळ उखळाशी बसून शेंगा कुटतो. शेजारी थर्मासात चहा असतो. परवा हाताला घाम येऊन मुसळ सारखं निसटायला लागलं, तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला, “आई, ती पांढरी पूड थोडी तरी उरलीय का गं?”

“उरतेय कुठली!” आई आतून म्हणाली. “सगळी उत्कर्षाच्या दारात घालून आले. पोरगी हिमालयात निघालीय की!”