चषक बिनविरोध

खेळात कोणीतरी हरतं. इतर जिल्ह्यांत याला निकाल म्हणतात. आमच्या सातारा-सांगलीत याला नाराजी म्हणतात, आणि ती काढायला चार वजनदार माणसं गाडी करून पाठवावी लागतात.

अखिल भारतीय रणरागिणी फुटबॉल चषकाचा इतिहास स्मरणिकेत मीच लिहिला आहे, तेव्हा तो खरा धरायला हरकत नाही. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आठ संघांनिशी स्पर्धा सुरू झाली, पुढे सोळा झाले. पद्धत बाद फेरीची. हरेल तो घरी, जिंकेल तो पुढे, आणि शेवटी उरेल त्याच्या हातात चषक. इतकी वर्षं हा प्रकार देशभर राजरोस चालला होता आणि कोणालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. यंदा यजमानपद सांगलीला मिळालं, आणि आयोजन समितीचे अध्यक्ष म्हणून लालासाहेबांनी नियमावली हातात घेतली.

लालासाहेब आमच्या पतसंस्थेचे तीस वर्षं अध्यक्ष. या तीस वर्षांत त्यांना एकही मत पडलेलं नाही, कारण मतदानच झालेलं नाही. दर खेपेला निवडणूक बिनविरोध. त्यांनी चष्मा पुसून नियमावली दोनदा वाचली आणि मला, म्हणजे समितीच्या चिटणीसाला, विचारलं, "तात्या, सोळातले पंधरा संघ हरणार म्हंजे? एवढी नाराजी निस्तरायची कुणी?"

मी म्हटलं, साहेब, सगळीकडे असंच असतं. ते म्हणाले, सगळीकडं असंल, आपल्यात न्हाई. झालं. चषक बिनविरोध करायचा ठराव झाला. माघारीची मुदत, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन.

आम्ही कामाला लागलो. शिरवळच्या मुलींना पुढच्या वर्षीच्या उपविजेतेपदाचा शब्द दिला, त्यांनी माघार घेतली. कोयनानगरला समजावलं की, गोल झाला की तुमच्या वसाहतीतली माणसं टीव्हीपुढे उड्या मारणार, ते भूकंपाच्या यंत्रावर उमटणार, आणि नाव धरणाचं खराब होणार. त्यांनाही पटलं. परराज्यांतले संघ मात्र शब्दाला बधेनात, कारण आमचा शब्द त्यांना कळतच नव्हता. मग त्यांचे सत्कार केले. शाल, श्रीफळ, कंदी पेढे आणि स्वागतपर चार शब्द. चार शब्दांना आमच्याकडे पाऊण तास लागतो, आणि वक्ते नऊ होते. मणिपूरचा सत्कार आटपेपर्यंत त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. केरळच्या मुलींनी तर तिसऱ्या भाषणानंतर माघारीचा अर्ज स्वतःहून मागून घेतला.

तीनच्या ठोक्याला टेबलावर पंधरा अर्ज होते. नव्हता तो फक्त तासगावचा.

तासगावची कर्णधार आणि गोलकीपर पूजा. तिचे वडील जोतीराम फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी बेदाण्याच्या शेडमागच्या मोकळ्या जागेत लेकीला रोज पहाटे चेंडू मारून मारून तयार केलेली. राष्ट्रीय शिबिरासाठी गोलकीपर निवडायला दिल्लीहून एक साहेब येणार होते. शिबिराला वयाची अट एकोणीसच्या आत, आणि पूजाला एकोणीस पूर्ण होणार होती येत्या सोमवारी. तिला एक सामना हवा होता. साहेबांच्या डोळ्यांदेखत, एकच.

साडेतीनला बापलेक कचेरीत आली. पूजाने विचारलं, "समोर कोण हाय आमच्या?"

मी म्हटलं, कोणी नाही. अभिनंदन, तुम्ही जिंकलात.

"आवं, पर मी खेळले कुठं?"

"पोरी," लालासाहेब मायेने म्हणाले, "खेळायची गरज हरणाऱ्याला असती."

जोतीराम उभेच होते, फौजेतल्यासारखे ताठ. हरली तरी चालंल, पण एक सामना लावा, एवढंच ते परत परत म्हणत राहिले. लालासाहेबांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, चहा दिला आणि समजावलं की आता सामना लावणं म्हणजे जाहीर निकालाला आव्हान, त्याला कोर्टात जावं लागेल. मग पूजाने तोड काढली की आम्ही आमच्याच पोरींचे दोन भाग करून खेळतो. लालासाहेबांनी बशी खाली ठेवली.

"संघात फूट? मी अध्यक्ष असताना?"

दुसऱ्या दिवशी मंडपात समारंभ झाला. दिल्लीचे साहेब शाल पांघरून पहिल्या रांगेत बसले होते. त्यांनी छापील तक्ता काढून पूजाची माहिती भरायला घेतली. खाल्लेले गोल, शून्य. साहेब खूश झाले. अडवलेले चेंडू, शून्य. खेळलेली मिनिटं, शून्य. साहेबांनी पेनाला टोपण लावलं. निदान नव्वद मिनिटं लागतात म्हणाले, आणि पेढा खाल्ला.

तेव्हा पूजा हातमोजे घालून उभी राहिली. पोरगी नियमावली वाचून आली होती. "माझी हरकत हाय. मला सामना पायजे."

हरकतीला अनुमोदक लागतो. बाप चालत नाही, रक्ताचं नातं. तिच्या संघातल्या मुली चालत नाहीत, त्या लाभार्थी. मी ध्वनिक्षेपक मंडपाकडे वळवला आणि विचारलं, कोणाचं अनुमोदन आहे का? दोन हजार माणसं होती. पोरीचं बरोबर आहे हे प्रत्येकाच्या तोंडावर दिसत होतं. पण मागे पंगती मांडून झाल्या होत्या, आणि दुसरं कोणीतरी अनुमोदन देईलच, असंही प्रत्येकाला वाटत होतं. मी पूर्ण एक मिनिट थांबलो. ती एकेका रांगेकडे बघत होती. खोटं कशाला सांगू, मला फार वाईट वाटलं. पण चिटणीसाला मत नसतं.

आता मी इतिवृत्त लिहितो आहे. नियमाप्रमाणे अनुमोदक मंडपात हजर असावाच असं नाही, ज्याला सगळी हकीकत ठाऊक आहे असा कोणीही चालतो. म्हणूनच इतकं सविस्तर सांगितलं. सोमवारला अजून दोन दिवस आहेत. तुम्ही इथपर्यंत आलात, मध्ये एक-दोनदा हसलाही असाल. ती पोर अजून हातमोजे घालूनच बसली आहे म्हणतात.

बराच वेळ थांबलो. तुमच्याकडूनही काही आलं नाही. तेव्हा तुमचं नाव उपस्थितांत धरतो आणि लिहून टाकतो: चषक बिनविरोध, सर्वानुमते मंजूर.