कुंडावरची एरियल

एका जंगलात गरम पाण्याचं एक कुंड होतं. कुठल्या जंगलात, ते सांगणार नाही. सांगितलं की सुट्टीत तिथेच जायचा हट्ट धराल, आणि तुमचे आईवडील माझ्या नावाने बोटं मोडतील.

तर कुंड चांगलं ऐसपैस होतं. शिरताना तोंडातून "हाय हाय" निघावं आणि बसल्यावर "आहाहा", इतपतच पाणी गरम. रोज सकाळी उन्हं यायच्या आधी जंगलातली मोठी मंडळी तिथे मानेपर्यंत बुडून बसत. मधोमध सगळ्यांत खोल जागी गवेसाहेब बसत. ते आत उतरले की पाणी काठावरून बाहेर जाई. म्हणून त्यांना अध्यक्ष म्हणत.

कुंडाच्या काठावर एक रेडिओ होता. जंगल मोजायला आलेले साहेब लोक तो जाताना विसरले होते. इतकी वर्षं त्याचे सेल कसे टिकले, असं तुमच्यातलं एखादं हुशार मूल विचारील. बोधकथेत सेल संपत नाहीत. गप्प बसून ऐका.

रेडिओ लागायचा, पण खरखरायचा. कुंड पडलं खोलगट जागी. शिवाय रेडिओची एरियल माकडांनी दात कोरायला मोडून नेली होती. गाणं सुरू झालं की दोन शब्द ऐकू येत आणि मग कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येई.

जिथे खरखर असते तिथे समिती असतेच. इथेही होती. तिचं नाव कुंड श्रवण सुधार समिती. अध्यक्ष गवेसाहेब, चिटणीस कोल्हे, आणि सभासद म्हणून एक म्हातारं अस्वल, ज्याला सगळे अस्वलकाका म्हणत. समितीच्या बैठका पाण्यातच होत आणि लांबत.

"रेडिओच उचलून त्या उंच खडकावर ठेवला तर?" अस्वलकाकांनी एकदा विचारलं.

"मग समिती काय करणार?" चिटणीस म्हणाले.

अस्वलकाकांनी पुन्हा कधी काही सुचवलं नाही.

अशात एक दिवस तिथे साळूबाई आली.

साळू म्हणजे अंगभर काटे असलेली. तुम्ही चित्रात पाहिली असेल. ही साळूबाई डोंगरापलीकडे राहायची. जन्मभर कंदमुळं उकरून उकरून तिची कंबर गेली होती. जंगलातल्या कासववैद्यांनी तिला तपासलं. कासववैद्य हळू बोलत, पण बोलत ते नेमकं.

"सात सकाळी गरम पाण्यात मानेपर्यंत बसायचं," ते म्हणाले. "कडाक्याची थंडी पडायच्या आत. नाहीतर कंबर कायमची धरेल, बाई. मग कंद उकरणं विसरा."

म्हणून ती तीन दिवस चालून आली. आणखी एक ओढ होती, ती तिने कुणाला सांगितली नव्हती. लहानपणी ती आईच्या पोटाशी बसलेली असताना साहेबांच्या तंबूतून याच रेडिओवर एक पाळणा ऐकू आला होता. आई तो पुढे कित्येक दिवस गुणगुणत होती. आई गेली. पाळणा मात्र रेडिओवर अजून लागतो, सकाळी पहिला तोच लागतो, असं तिला एका वटवाघळाने सांगितलं होतं. गरम पाण्यात बसून तो एकदा ऐकावा, एवढंच तिच्या मनात होतं.

ती कुंडाशी आली. भिडस्त होती. आत उतरावं की विचारावं, अशी घुटमळत रेडिओशेजारी उभी राहिली. आणि तिचा एक काटा मोडक्या एरियलच्या बुडख्याला लागला.

खरखर थांबली. बातम्या सांगणाऱ्या बाईंचा आवाज इतका स्वच्छ आला, की गवेसाहेब दचकून इकडेतिकडे पाहू लागले.

साळूबाई घाबरून मागे सरकली. खरखर परत आली.

"हलू नका," चिटणीस म्हणाले. "अहो बाई, आहात तिथेच उभ्या राहा."

"मला पाण्यात बसायचं होतं," साळूबाई म्हणाली. "कंबरेचं दुखणं आहे. वैद्यांनी सांगितलंय."

"बसा की. कुंड तुमचंच आहे. एवढा कार्यक्रम होऊ दे."

कार्यक्रम झाला. त्यानंतर दुसरा झाला. मग ऊन वर आलं आणि सगळे पाण्यातून निघाले. ऊन चढल्यावर कुंडात बसलं की पित्त होतं, अशी जंगलात सगळ्यांची समजूत होती. साळूबाई तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी समितीने सुधारणा केली. काटा जितका उंच तितका आवाज चांगला, हे चिटणिसांनी शोधून काढलं. साहेब लोकांच्या कुंपणाची तार पडली होती. तिचं एक टोक रेडिओला अडकवलं, दुसरं साळूबाईच्या सगळ्यांत लांब काट्याला. आणि तिला उंच खडकावर उभं केलं.

मग सुरू झालं. तुमच्या आजोबांना विचारा, कौलांवर चढून एरियल फिरवणं काय असतं ते.

"आलं का?" साळूबाई वरून विचारी.

"थोडं डावीकडे," चिटणीस पाण्यातून सांगत.

"आता?"

"आलं, आलं. गेलं. उजवीकडे. काटे ताठ ठेवा की जरा."

खडकावर गार वारं होतं. रेडिओचं तोंड पाण्याकडे होतं. वर फक्त चिटणिसांचा आवाज पोचायचा. पहाटेचा पाळणा खाली रोज वाजत असे, आणि साळूबाईला रोज ऐकू येई ते एवढंच: थोडं डावीकडे.

सातव्या दिवशी तिने विचारलं, "मी उद्या खाली येऊ का?"

"नव्या सभासदाने आधी सेवा, मग स्नान," गवेसाहेब म्हणाले. हा नियम फार जुना होता. आदल्या दिवशीच केला होता.

सातांचे सोळा दिवस झाले. तिची कंबर आता वाकेना. खडकावरून उतरायला तिला अर्धा तास लागे. मला तिचा राग येतो. तुम्हालाही येत असेल. एकदा सरळ उडी मारायची ना पाण्यात. पण काहींना तसं जमत नाही. चारजण मिळून "तुमच्यावाचून अडतं हो" म्हणाले की त्यांचे पाय जागच्या जागी राहतात. माझी एक मावशी अशीच होती.

सतराव्या दिवशी कासववैद्य विचारपूस करायला आले.

"कंबर कशी आहे?"

"अजून पाण्यात उतरले नाही," साळूबाई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

कासववैद्य कुंडाकडे गेले आणि जरा कडक बोलले. थंडी आठ दिवसांवर आली आहे, असंही म्हणाले. समितीची लगेच तातडीची बैठक भरली. बाईंवर अन्याय होतो आहे, हे सगळ्यांना पटलं. काहीतरी केलं पाहिजे, यावर एकमत झालं. आणि साळूबाईचा सत्कार करायचं ठरलं.

सत्कार दुसऱ्याच दिवशी भल्या पहाटे काठावर ठेवला. सगळी मंडळी पाण्यातून बाहेर येऊन ओळीने बसली. साळूबाईच्या काट्याची तार सोडून तिला खाली आणलं. गवेसाहेबांनी तिला शाल घातली. शाल कुठून आणली, विचारू नका. सत्काराची शाल नेहमी कुठूनतरी येते. काट्यांमुळे तिची तिथल्या तिथे चाळण झाली. नारळ द्यायला गेले तर तो काट्यात अडकून बसला.

मग भाषणं सुरू झाली. रेडिओ शेजारीच चालू होता. तार सुटल्यामुळे तो जोरात खरखरत होता.

चिटणीस बोलले. "यांच्यामुळे आज आपण संगीत ऐकू शकतो आहोत," ते खरखरीवर आवाज चढवून म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गवेसाहेब बोलले. स्वरांचा हा स्वच्छ झरा असाच वाहत राहो, असं म्हणाले. पुन्हा टाळ्या.

साळूबाई एकेकाच्या तोंडाकडे पाहत होती. रेडिओ खरखरतोय, हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

म्हणजे अठरा दिवस यांनी गाणं ऐकलंच नव्हतं. फक्त डावीकडे-उजवीकडे केलं होतं.

तिने इकडेतिकडे पाहिलं. कुंड रिकामं होतं. अस्वलकाका बोलायला उभे राहिले, तशी ती शाल आणि नारळासकट हळूच मागे सरकली आणि पाण्यात उतरली.

हाय हाय. मग आहाहा.

पाणी मानेपर्यंत आलं. कंबरेतली एकेक गाठ सैल होत गेली. आणि खरखरीच्या आतून, फार लांबून, पाळणा ऐकू आला. दोन शब्द यायचे, चार जायचे. गेलेले चार तिने स्वतःच म्हटले. तिला सगळा पाठ होता. आई म्हणायची तसाच तो होता. ती रडली, पण पाण्यात असल्यामुळे कुणाला कळलं नाही.

भाषणं संपली. सत्कारमूर्ती कुठे गेल्या, म्हणून शोधाशोध झाली.

"अहो बाई, हे काय?" चिटणीस म्हणाले. "वर चला. कार्यक्रम चुकेल सगळ्यांचा."

साळूबाई जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. त्यामुळे तिच्यावर सगळ्यांचा विश्वास होता.

"आता काय उपयोग," ती म्हणाली. "गरम पाण्याने माझे काटे मऊ पडले. मऊ काट्याला काही पकडता येत नाही."

सगळे हळहळले. काटा दाबून पाहायला मात्र कुणी पुढे आलं नाही.

"मग आता आपल्या संगीताचं काय?" गवेसाहेबांनी विचारलं.

"मी सुचवू का?" साळूबाई म्हणाली. "चिटणिसांची शेपटी फार झुपकेदार आहे. उभी केली तर माझ्या काट्यांपेक्षा उंच जाईल. आणि डावं-उजवं त्यांच्याइतकं कुणाला कळतं?"

चिटणीस नाही-नाही म्हणत होते. पण चारजण मिळून "तुमच्यावाचून अडतं हो" म्हणाले. शेपटीला तार बांधून त्यांना खडकावर उभं केलं. वारं गारच होतं.

रेडिओ पूर्वीइतकाच खरखरत होता. साळूबाईने कान टवकारले.

"आलं का?" वरून चिटणिसांनी विचारलं.

"आलं, आलं," ती म्हणाली.

"वा, काय स्वच्छ आहे," गवेसाहेब म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. अस्वलकाकांनी मान डोलावली. त्यांना खरखर ऐकू येत होती बहुतेक, पण त्यांनी सुचवणं सोडलं होतं.

साळूबाई सात सकाळी आली. पाळणा तिने सातही दिवस ऐकला, उरलेले शब्द स्वतः भरून. आठव्या दिवशी थंडी पडली आणि ती ताठ कंबरेने नव्हे, सरळ कंबरेने घरी निघाली. जाताना तिने खडकाकडे एकदा पाहिलं.

"चिटणीस," ती म्हणाली, "थोडं डावीकडे."

तात्पर्य: गुणी माणसाला लोक उंचावर नेऊन उभं करतात. म्हणून मुलांनो, अंगी गुण जरूर बाणवा, पण आधी पाण्यात बसून घ्या.